मुलांसाठी गाण्यांचा प्लेअर घेताय? आधी कानांचा विचार करा

दवाखान्यात पालक येतात ते मुलाचा ताप-खोकला दाखवायला. औषधं लिहून झाली, की निघता निघता एखादा वेगळाच प्रश्न येतो. त्यातला हल्ली वरचेवर येणारा प्रश्न असा : "डॉक्टर, हिला गाण्यांची फार आवड आहे. मोबाइल हातात द्यायचा नाहीये. वाढदिवसाला गाणी-गोष्टी ऐकायला काय घेऊन देऊ?"

प्रश्न चांगला आहे आणि त्यामागचा विचारही योग्य आहे. इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये स्क्रीनबाबत ज्या सूचना दिल्या, त्यानुसार दोन वर्षांखालील मुलांना स्क्रीन नकोच, आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास. गाणी ऐकायला स्क्रीन लागत नाही. म्हणून मोबाइलऐवजी वेगळा प्लेअर घेणं उत्तमच.

पण दुकानात गेल्यावर आपण काय बघतो? किंमत, रंग, बॅटरी किती चालते, किती गाणी मावतात. ज्या अवयवासाठी ही वस्तू घ्यायची, त्या कानाची चौकशी कोणी करत नाही.

माझं मत आधीच सांगतो, कारणं मागाहून देतो. साधारण दहा वर्षांपर्यंतच्या मुलाला स्पीकरवर वाजणारा प्लेअर घ्या. हेडफोन, इअरफोन, इअरबड यातलं काहीही घेऊ नका. त्यापुढच्या मुलाला हेडफोन द्यायचाच असेल, तर आवाजाची मर्यादा आणि वेळ दोन्ही ठरवून द्या. दहा वर्षं हा आकडा माझा आहे, कुठल्या नियमातला नाही. कानात शिट्टीसारखा आवाज येतोय, दडे बसल्यासारखं वाटतंय, हे त्या वयाचं मूल स्वतःहून सांगू शकतं, म्हणून मी ती रेघ तिथे ओढतो.

कान बिघडतो कसा?

आपल्या आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखा वळलेला एक भाग असतो, त्याला कॉक्लिया म्हणतात. त्यात प्रत्येक कानात सुमारे १५ हजार सूक्ष्म केशपेशी असतात. आवाजाच्या लहरींनी त्या हलतात आणि मेंदूकडे संदेश जातो. सतत मोठा आवाज पडला की या पेशी थकतात. विश्रांती मिळाली तर सावरतात, पण मारा चालूच राहिला तर मरतात. त्वचेची जखम भरते, हाड जुळतं, पण माणसाच्या केशपेशी एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही.

यातली फसवी गोष्ट अशी, की सुरुवातीला काहीच कळत नाही. दुखत नाही, कान वाहत नाही. आधी वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येणं कमी होतं. 'स', 'श', 'फ' यांसारखी व्यंजनं त्याच पट्टीत येतात. त्यामुळे मुलाला आवाज येतो, पण शब्द नीट लागत नाहीत. वर्गात गोंगाट असेल तर अधिकच. मग प्रगतिपुस्तकावर शेरा येतो, 'लक्ष देत नाही'. घरीही तेच ऐकावं लागतं. मूल बिचारं लक्ष देत असतं, पण त्याला अर्धंच ऐकू येत असतं.

आवाजाचं रेशनकार्ड

जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी सुरक्षित ऐकण्याची जी पातळी धरली आहे, ती ७५ डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास, इतकी आहे. मोठ्यांसाठी हाच आकडा ८० डेसिबल आहे. म्हणजे मुलांचा कोटा मुळातच कमी.

आता डेसिबलचा हिशेब समजून घ्या, कारण तो आपल्या नेहमीच्या बेरजेसारखा नाही. आवाज फक्त ३ डेसिबलने वाढला, की कानावर पडणारी ऊर्जा दुप्पट होते. म्हणजे सुरक्षित वेळ निम्मा होतो. मुलासाठी हा हिशेब साधारण असा येतो :

- ७५ डेसिबल : आठवड्याला ४० तास
- ७८ डेसिबल : २० तास
- ८१ डेसिबल : १० तास
- ८४ डेसिबल : ५ तास
- ९० डेसिबल : सव्वा तास
- ९९ डेसिबल : ९-१० मिनिटं

हे आकडे आठवड्याचे आहेत, रोजचे नाहीत, हे विसरू नका. आणि या रेशनमध्ये फक्त प्लेअरची गाणी नाहीत. लग्नाच्या वरातीतला बँड, विसर्जन मिरवणुकीतला डीजे, ढोल-ताशा, फटाके, सगळं याच कार्डावर लिहिलं जातं. आपल्याकडची मुलं गणपतीच्या दहा दिवसांत वर्षभराचं किती रेशन उडवतात, याचा विचार तुम्हीच करा.

खोक्यावरचं '८५ डेसिबल, मुलांसाठी सुरक्षित'

मुलांच्या हेडफोनच्या खोक्यावर हे वाक्य हमखास असतं. पालकांना वाटतं, चला, काळजी मिटली. पण ८५ डेसिबल हा आकडा मुळात कारखान्यात काम करणाऱ्या मोठ्या माणसांच्या संदर्भातला आहे, दिवसाला आठ तासांच्या पाळीसाठी. तो मुलांच्या हेडफोनवर तसाच उचलून लावला आहे. वरच्या हिशेबाने ८५ डेसिबलवर मुलाला आठवड्याला मिळतात जेमतेम चार तास, म्हणजे दिवसाला साधारण अर्धा तास. खोक्यावर अर्ध्या तासाचा उल्लेख तुम्हाला कुठे दिसला का?

शिवाय काही हेडफोनमध्ये ही मर्यादा फक्त वायरमध्ये बसवलेली असते. वायर उलटी लावली किंवा दुसरी लावली, की मर्यादा गेली. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हा शोध लागायला एक दुपार पुरते.

छोट्या मुलाच्या कानाची नळी मोठ्यांपेक्षा आखूड आणि अरुंद असते. कमी जागेत तोच आवाज जास्त दाबाने आदळतो. म्हणून नळीत खुपसून बसवायचे इअरबड लहानांसाठी सर्वांत वाईट.

स्पीकरच का?

पहिलं कारण साधं आहे. अंतर वाढलं की आवाज कमी होतो. फडताळावर ठेवलेल्या स्पीकरचा आवाज कानापर्यंत येईस्तोवर बराच उतरतो. हेडफोनमध्ये हे अंतरच नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. स्पीकरचा आवाज वाढला, की स्वयंपाकघरातून ओरडा येतो, "अरे, कमी कर जरा!" ही आवाजमर्यादेची सर्वांत जुनी आणि सर्वांत खात्रीची सोय. हेडफोन लावलेल्या मुलाच्या कानात काय वाजतंय आणि किती मोठ्याने वाजतंय, हे शेजारी बसलेल्या आईलाही कळत नाही.

तिसरं कारण औषधशास्त्रातलं नाही, घरातलं आहे. स्पीकरवरचं गाणं सगळ्यांचं होतं. आजी मध्येच एखादी ओळ चुकीची म्हणते, बाबा ताल धरतात, मूल विचारतं, "या शब्दाचा अर्थ काय?" भाषा अशीच शिकली जाते. सोनी कंपनीने १९७९ मध्ये पहिला वॉकमन आणला, तेव्हा त्याला दोन हेडफोन लावायची सोय होती आणि समोरच्याचं बोलणं ऐकण्यासाठी एक वेगळं बटण होतं. एकट्यानेच ऐकत बसणं लोकांना असभ्यपणाचं वाटेल, अशी शंका कंपनीचे संस्थापक अकिओ मोरिता यांना आली होती. पुढे ती दुसरी खाच गेली, बटणही गेलं. मोरितांची ती शंका मात्र मला अजूनही रास्त वाटते.

वयानुसार काय घ्यावं?

*दोन वर्षांपर्यंत :* काही घेऊ नका. तुमचा गळा बेसूर असला तरी बाळाला तोच हवा असतो. पाळण्याला टांगायची गाणारी खेळणी आणि झोप लावणारी यंत्रं जपून वापरा. २०१४ मध्ये 'पेडिअॅट्रिक्स' या नियतकालिकात तान्ह्या बाळांच्या झोपेसाठीच्या अशा १४ यंत्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पूर्ण आवाजावर ३० सेंटिमीटर अंतरावरून मोजलं तर त्यातल्या तीन यंत्रांचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला. वापरायचंच असेल तर पाळण्यापासून किमान दोन मीटर दूर, अगदी हळू, आणि बाळ झोपलं की बंद.

*दोन ते सहा वर्षं :* मोठी बटणं, स्क्रीन नाही, पडलं तरी फुटणार नाही असा प्लेअर. घ्यायच्या आधी दुकानातच पूर्ण आवाज करून बघा. एक हातावरून आपलं साधं बोलणं ऐकू येत नसेल, तर तो प्लेअर मुलाच्या हातात देण्यासारखा नाही.

*सहा ते दहा वर्षं :* पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्डवर चालणारा साधा स्पीकर पुरतो. गाणी तुम्ही आणि मुलाने मिळून भरायची. परदेशात राहणाऱ्या मुलांसाठी तिकडे टोनीबॉक्स, योटो अशी स्क्रीन नसलेली यंत्रं मिळतात. त्यात आपल्या आवाजातली गोष्ट भरता येते. नातवंडं परदेशात असतील, तर आजी-आजोबांनी मराठीत गोष्टी सांगून पाठवाव्यात. महागड्या खेळण्यापेक्षा ही भेट जास्त टिकते.

*दहाच्या पुढे :* हेडफोन दिलाच तर पूर्ण कान झाकणारा द्या. बाहेरचा गोंगाट कमी आत येतो, त्यामुळे बसमध्ये आवाज वाढवावा लागत नाही. फोन किंवा प्लेअरच्या सेटिंगमध्ये आवाजाची कमाल मर्यादा घाला आणि पासवर्ड तुमच्याकडे ठेवा. आवाज ६० टक्क्यांच्या आत, मधूनमधून कानाला सुट्टी, आणि रस्त्यावर किंवा सायकलवर हेडफोन अजिबात नाही. झोपताना तर नकोच.

सेलकडे नीट बघा

हा मुद्दा कानाचा नाही, पण यासाठीच हा लेख वाचला असं झालं तरी चालेल. प्लेअरच्या रिमोटमध्ये आणि गाणाऱ्या खेळण्यांमध्ये नाण्यासारखा चपटा लिथियम सेल असतो. मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून गंभीर भाजतं. स्क्रूने बंद होणारं झाकण नसेल तर ती वस्तू घेऊच नका. रिमोट वेगळा काढून ठेवा. वापरलेले सेलही मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट मोठ्या रुग्णालयात जा आणि एक्स-रे काढा. उलटी करवू नका. केळं, भात असलं काही खायला देऊ नका. मूल एक वर्षाहून मोठं असेल, गिळू शकत असेल आणि सेल बारा तासांच्या आत गिळलेला असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध देता येतो, जास्तीत जास्त सहा वेळा. अन्ननलिकेला होणारी इजा त्याने थोडी कमी होते. पण मध शोधण्यात वेळ घालवू नका. एक वर्षाखालच्या बाळाला मध द्यायचाच नाही.

दोन नेहमीच्या शंका

*"विशिष्ट संगीत ऐकवलं की बुद्धी वाढते ना?"* ही समजूत १९९३ मधल्या एका छोट्या प्रयोगातून निघाली. त्यात ३६ कॉलेज विद्यार्थी होते, बाळ एकही नव्हतं. मोत्सार्टचं संगीत ऐकल्यावर एका प्रकारच्या कोड्यांत त्यांना थोडे जास्त गुण मिळाले आणि तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. एवढ्यावर मोठा बाजार उभा राहिला. संगीत आनंदासाठी ऐकवा. बुद्धीच्या नावाखाली जास्त पैसे मोजू नका.

*"ब्लूटूथच्या लहरींनी काही होतं का?"* ब्लूटूथची शक्ती मोबाइलच्या मानाने खूपच कमी असते. माझी काळजी लहरींची नाही, आवाजाच्या बटणाची आहे.

डॉक्टरांकडे कधी जावं?

कानात गुंईऽ आवाज येतो असं मूल म्हणालं, वारंवार "काय?" विचारू लागलं, टीव्हीचा आवाज वाढवू लागलं, किंवा शिक्षकांकडून लक्ष नसल्याची तक्रार आली, तर आधी कान तपासून घ्या. कधी नुसता मळ असतो, कधी पडद्यामागे पाणी असतं, आणि ते बरं होतं. साधारण चार-पाच वर्षांच्या पुढच्या मुलाची ऑडिओमेट्री करता येते. त्याहून लहानांसाठीही वेगळ्या तपासण्या आहेत. त्यात दुखत नाही. ओरडण्याआधी ही तपासणी झाली, तर पुष्कळ मुलांचा मार वाचेल.

तेव्हा दुकानात गेलात की रंग मुलाला निवडू द्या, गाणी दोघांनी मिळून निवडा, आणि आवाजाचा निर्णय मात्र स्वतःकडे ठेवा. गाण्याची आवड आयुष्यभर पुरणारी आहे. तेवढेच दिवस त्या केशपेशीही पुरायला हव्यात.