काढायची घाई, तपासायला मात्र पैसे नाहीत

बीजांडकोशात गाठ आहे म्हटले की घरात एकच प्रश्न निघतो : साधी की कॅन्सरची? या दोहोंच्या मध्येही एक प्रकार असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्याला 'बॉर्डरलाइन' गाठ म्हणतात. १९२९ मध्ये अमेरिकेच्या डॉ. हॉवर्ड टेलर यांनी ती वेगळी ओळखली. हिच्या पेशी कॅन्सरसारख्या वेड्यावाकड्या दिसतात, पण बीजांडकोशाच्या गाभ्यात शिरत नाहीत.

गाठ बीजांडकोशापुरतीच असेल तर शंभरातील पंचाण्णवांहून अधिक स्त्रिया पाच वर्षांनंतरही हयात असतात. केमोथेरपी सहसा लागत नाही. सुमारे एकतृतीयांश रुग्ण चाळिशीच्या आतल्या असतात. मूल हवे असेल तर अनेकदा गाठीचा बीजांडकोश तेवढा काढून दुसरा बीजांडकोश व गर्भाशय राखता येतो, आणि पुढे मुलेही होतात. पाळी गेलेल्या बाईची गोष्ट निराळी.

म्हणूनच मला घाईचा राग येतो. आमच्या भिवंडीत यंत्रमागावर राबणारी कुटुंबे ऑपरेशनसाठी कर्ज काढतात. मग सासू म्हणते, ''डॉक्टर, एकदाच सगळं काढून टाका, पुन्हा कटकट नको.'' पंचविशीतल्या सुनेला कोणी विचारत नाही. आणि एवढा खर्च करून, काढलेली गाठ तपासायला पाठवण्याचे पैसे तेवढे वाचवले जातात! अहो, सोनोग्राफीने किंवा सीए-१२५ या रक्ततपासणीने हा प्रकार नक्की ठरत नाही. तो पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली ठरवतो. ऑपरेशन चालू असताना केलेली झटपट तपासणीही कधी चकते. पक्क्या रिपोर्टला आठवडा लागला तर लागू द्या. शंका असेल तर स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या व परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये दाखवा. ठाण्याहून लोकलने जाता येते.

बीजांडकोश राखला तर गाठ पुन्हा होण्याची शक्यता वाढते, हेही खरे. ती बहुधा बॉर्डरलाइनच निघते आणि पुन्हा ऑपरेशनने काढता येते. पण दहा वर्षांनंतरही उद्भवू शकते. तेव्हा तपासणी वर्षानुवर्षे हवी. इथेच आपले घोडे अडते. 'कॅन्सरवाली' म्हणतील या भीतीने आई फाइल कपाटात दडवते आणि मुलगी रिकाम्या हाताने सासरी जाते. तिथल्या डॉक्टरला काय कळणार? निदान रिपोर्टची एक झेरॉक्स तरी तिच्या बॅगेत घाला. जावयाला काय सांगायचे, हा प्रश्न पडला तर दोघांना माझ्याकडे घेऊन या, मी समजावतो.