डफाला परवाना

वाटेगाव आज सांगली जिल्ह्यात आहे. १९२० साली तुकाराम भाऊराव साठे तिथे जन्मले तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होतं. याच मुलाचे पुढे अण्णा भाऊ झाले. २००२ साली त्यांचं टपाल तिकीट निघालं, २०२२ साली मॉस्कोत पुतळा बसला. सरकारने त्यांच्या तमाशावर बंदी घातली होती, हे मात्र अशा सोहळ्यांत कुणी काढत नाही.

ती बंदी इंग्रजांची नव्हती. मोरारजी देसाई गृहमंत्री असलेल्या मुंबई सरकारची होती. तमाशा अश्लील, हा तेव्हाचा आक्षेप. पण अण्णा भाऊंनी गौळण आधीच काढून टाकली होती आणि गणात गणपतीऐवजी मातृभूमीला, हुतात्म्यांना वंदन होतं. मग खुपलं काय? खुपले ते ‘शेटजींचे इलेक्शन’सारखे वग. अण्णा भाऊंनी तमाशाला ‘लोकनाट्य’ म्हटलं आणि खेळ चालू ठेवला. आपण हे चतुराईचा किस्सा म्हणून सांगतो. खरं तर ही राज्यकर्त्यांची नामुष्की आहे.

१८७६चा नाट्यप्रयोगांवरचा इंग्रजी कायदा रद्द करायला आपल्याला २०१७चं विधेयक लागलं. मधल्या काळात, १९५४ साली, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आलं. नियम असा, की संहिता आधी दाखवा. आता बतावणी तर उभ्या उभ्या रचली जाते. समोर पाटील बसलाय की सावकार, हे बघून सोंगाड्या वाक्य फिरवतो. ते कागदावर कसं आणणार? ‘सखाराम बाइंडर’साठी कमलाकर सारंग कोर्टात लढले आणि जिंकले. यात्रेतल्या फडाने वकील कुठून आणायचा? तो मुकाट्याने कनात गुंडाळतो. त्याच्यावर झालेल्या अन्यायाचा खटलाच उभा राहत नाही, म्हणून त्याचं नावही उरत नाही.

काही फडांत अश्लीलता होती, असं कुणी म्हणेल. असेल. गुन्हा घडला तर खटला भरा. पण पूर्वपरवानगी म्हणजे गुन्हा घडण्याआधीच गुन्हेगार ठरवणं. ‘फकिरा’त मांगांवर लादलेली हजेरी हेच करते. चोरी झालेली नसते, तरी माणसाने जन्माने चोर म्हणून रोज चावडीवर हजर व्हायचं. हजेरी गेली, तिचा न्याय मात्र परवान्यात शिल्लक राहिला.

येत्या १ ऑगस्टला हार घालणाऱ्यांनी एवढंच करावं. गाण्याआधीची ही हजेरी बंद करावी. पुतळ्याला हार नाही मिळाला तरी चालेल.