आरोग्यविमा आणि ओढगस्तीचा संसार

संसाराला ओढ लागली म्हणजे मध्यमवर्गीय गृहस्थ प्रथम ज्या खर्चांवर काट मारतो, त्यांत आरोग्यविम्याचा हप्ता हमखास असतो. मुलांची फी टळत नाही, घराच्या कर्जाचा हप्ता बँक सोडीत नाही, किराणा आणि विजेचे बिल तर थांबवताच येत नाही. 'पाच वर्षे पैसे भरले, एकदाही उपयोग झाला नाही. यंदा राहू द्या,' असा विचार मग मनात येतो. नोकरीची शाश्वती नसलेल्या काळात हा मोह कोणासही होईल. परंतु तो मोह घातक आहे, असे आम्हांस स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

याचे कारण विम्याच्या रचनेतच आहे. मधुमेह, रक्तदाब यांसारखे आधीपासून असलेले आजार पॉलिसीच्या पहिल्या दिवसापासून संरक्षणात येत नाहीत. त्यांना प्रतीक्षाकाल असतो. २०२४ च्या नियमांनी तो जास्तीत जास्त ३६ महिन्यांवर आणला आहे. तसेच सलग ६० महिने हप्ते भरले गेले की, लबाडी सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडविल्याच्या कारणावरून कंपनीस दावा नाकारता येत नाही. म्हणजे उपयोग न झालेली ती पाच वर्षे वाया गेलेली नसतात. ती ग्राहकाची कमाई असते. हप्ता तुटला की ही कमाई बुडते. पुढे सुस्थिती आल्यावर नवी पॉलिसी घ्यावी, तर वय वाढलेले असते, तपासण्यांत काहीतरी निघालेले असते आणि प्रतीक्षाकाल पुन्हा पहिल्यापासून मोजावा लागतो.

ज्यांचा भरवसा केवळ कचेरीच्या सामूहिक विम्यावर आहे, त्यांची स्थिती याहून नाजूक आहे. नोकरी गेली की हे छत्रही जाते; म्हणजे उत्पन्न आणि संरक्षण ही दोन्ही एकाच दिवशी संपतात. सामूहिक विम्यातून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते आणि प्रतीक्षाकालाची झालेली भरपाईही जमेस धरली जाते. मात्र हे नोकरी सुटण्यापूर्वी विचारून ठेवावयास हवे. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही.

मग खर्च कमी करावयाचाच नाही काय? अवश्य करावा, पण धागा न तोडता. विम्याची रक्कम कमी करता येते, जरी पुढे वाढविताना वाढीव रकमेपुरता प्रतीक्षाकाल पुन्हा लागू होतो. मूळ पॉलिसी लहान ठेवून तिच्या वरच्या खर्चासाठी तुलनेने स्वस्त असा 'सुपर टॉप-अप' घेता येतो. जमलेले लाभ घेऊन दुसऱ्या कंपनीकडेही जाता येते. तो अर्ज मात्र नूतनीकरणाच्या पुरेसा आधी करावा. वार्षिक हप्त्याची तारीख चुकली, तरी ३० दिवसांच्या सवलतीत तो भरल्यास सातत्य टिकते; पण त्या मधल्या दिवसांतील आजारपणास संरक्षण नसते, हे विसरू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरील १८ टक्के जीएसटी रद्द झाला आहे. आपल्या हप्त्यात त्याचा लाभ किती उतरला, हे प्रत्येकाने ताडून पाहावे.

हप्ता किती, एवढेच पाहून पॉलिसी घेणारे आणि ती कपाटात ठेवून देणारे सुशिक्षित लोक थोडे नाहीत. एक उदाहरण पाहा. पाच लाखांच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला ५,००० रुपये आहे आणि रुग्णाने ८,००० रुपयांची खोली घेतली. त्यास वाटते, रोजचे ३,००० आपण भरू. प्रत्यक्षात प्रमाणशीर कपातीचे कलम असल्यास डॉक्टरांची फी आणि शस्त्रक्रियागृहाचे शुल्क यांसही तीच फूटपट्टी लागते. हा खर्च १,६०,००० झाला, तर कंपनी १,००,००० देते. ६०,००० रुपये घरातून जातात. ही फसवणूक नव्हे. ते कलम छापलेलेच होते. ग्राहकास द्यावयाचे माहितीपत्रक मागणी केल्यास स्थानिक भाषेत मिळाले पाहिजे, असा नियम आहे. ते मराठीतून मागून घ्यावे आणि घरातील दोन माणसांनी मिळून वाचावे.

तथापि सर्व शहाणपण ग्राहकानेच शिकावे, हे आम्हांस मान्य नाही. जानेवारी २०२५ मध्ये विमा नियामकाने ज्येष्ठ नागरिकांचा हप्ता पूर्वसल्ल्याविना वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढविण्यास मनाई केली. पन्नाशीतील, नोकरी गमावलेल्या गृहस्थास असे संरक्षण का नसावे? महाराष्ट्रातील खासगी रुग्णालयांनी दरपत्रक दर्शनी भागी लावावे, असा नियम आहे. त्याची अंमलबजावणी कठोरपणे का होऊ नये? रुग्णालयांची बिले मोकाट राहतील, तोवर विम्याचे हप्ते आवरणार नाहीत.

शासनाच्या योजनांकडे नाक मुरडण्याची पांढरपेशा सवयही आता सोडली पाहिजे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे पाच लाखांचे संरक्षण २०२३ च्या निर्णयाने पांढऱ्या शिधापत्रिकेच्या कुटुंबांनाही खुले झाले. ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न न पाहता, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतचा लाभ मिळतो. ठरावीक उपचार आणि ठरावीक रुग्णालये ही त्यांची मर्यादा आहे. पण आधार तो आधारच. दावा अन्यायाने नाकारला गेला, तर मुंबई आणि पुणे येथील विमा लोकपालांकडे विनाशुल्क दाद मागता येते.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे वाडवडिलांचे सांगणे खरेच. पण पाय आखडून घेणे वेगळे आणि अंथरूणच विकून टाकणे वेगळे. या वर्षी हप्त्याची सूचना येईल, तेव्हा ती बाजूला टाकण्यापूर्वी वाचकांनी कपाटातील पॉलिसी बाहेर काढावी आणि शेवटच्या पानापर्यंत वाचावी. त्यानंतर काय कमी करावयाचे, ते ठरवावे.