जुनी गाडी घेताना पुराचे पाणी पाहा

उसाचे बिल जमा झाले की आपल्याकडे पुष्कळ घरांत गाडीचा विषय निघतो. नवी झेपत नाही, म्हणून वापरलेली ब्रेझा किंवा इकोस्पोर्टसारखी उंच, आटोपशीर गाडी पाहिली जाते. वस्तीच्या रस्त्याला ती सोयीची खरी. पण बैल घेताना दात पाहणारा शेतकरी गाडी घेताना रंगाला भुलतो, हे बरे नव्हे.

कोल्हापूर-सांगलीकडील गाडीत पहिली शंका पुराची घ्यावी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत अनेक वाहने पाण्याखाली गेली. विमा कंपनीने मोडीत काढलेली गाडीही दुरुस्त होऊन बाजारात येऊ शकते. २०२१ मध्ये चिपळूणही बुडाले होते. तेव्हा नंबर एमएच ०९ नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

गाडी कितीही धुतली तरी काही जागी गाळ राहतोच. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून मातकट डाग दिसतो का ते पाहावे. पायाखालचा गालिचा उचलावा. सीटच्या रुळांवरील गंज, स्टेपनीच्या खळग्यातील चिखल, हेडलाइटमधील ओल तपासावी. मग काचा बंद करून पाच मिनिटे आत बसावे. कुबट वास येतोच. आणि अत्तराचा मारा केलेला असेल तर मला अधिकच संशय येतो. इंजिन दुरुस्त होते हो, पण वायरिंगचे सांधे आतल्या आत गंजत राहतात. अशा गाडीची एअरबॅग ऐन अपघातात उघडेलच, याचा भरवसा कोणी द्यावा?

इंजिन गार असतानाच सुरू करायला लावावे. आधीच तापवून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी जावे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नये. टायरवरचे चार आकडे वाचावेत. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. वीस हजारच किलोमीटर चाललेल्या गाडीला नवे टायर का, हे विचारावे.

फोर्डने २०२१ मध्ये भारतातील उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले. म्हणून इकोस्पोर्ट घेणाऱ्याने सुट्या भागांची चौकशी आधी करावी.

सातबारावरचा बोजा पाहतो तसा आरसीवरचा पाहावा. कर्ज फिटले असेल तर बँकेचे ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ मागावा. नाव बदलण्यास फॉर्म २९ व ३० लागतात. इंजिन व चॅसिस नंबर स्वतः ताडून घ्यावेत. विम्याचे जुने दावेही विचारावेत.

इसार देण्यापूर्वी ओळखीच्या मिस्त्रीकडे गाडी लिफ्टवर चढवून खालून दाखवावी. त्याची मजुरी मात्र आपण द्यावी, विकणाऱ्याने नव्हे.