जुन्या मोटारीतला ‘३५’ हा आकडा कसा वाचावा?

१. सांगलीतील एका गॅरेजात १९६०च्या दशकातील एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार पाहिली. तिच्या फ्यूज बॉक्सला गंज चढला होता. मूळ बॉक्स काढणे मालकांना इतिहास पुसण्यासारखे वाटत होते. मेकॅनिककाका तो भंगारात टाकायला निघाले होते. माझ्या मते दोघेही अर्धेच बरोबर होते. बॉक्स बदलावा, पण आधी तो वाचावा.

२. सुरुवातीच्या एमजीबीत वापरातले फ्यूज दोनच. एकावर हॉर्न, जो किल्लीविनाही वाजतो. दुसऱ्यावर किल्ली फिरवल्यावर चालणारे वायपर, ब्रेकचे दिवे वगैरे. हेडलाइटला फ्यूजच नव्हता. गंजलेल्या क्लिपांत विरोध वाढतो, त्या तापतात, आणि साठ वर्षांच्या वायरींचे आवरण तो ताप फार काळ सोसत नाही.

३. जुन्या काचेच्या फ्यूजवर ‘३५’ लिहिलेले असते. जुन्या ब्रिटिश रीतीनुसार तो फ्यूज उडण्याचा आकडा आहे. सतत वाहू शकणारा प्रवाह त्याच्या निम्मा, सुमारे १७ अँपिअर. आजच्या पात्यांच्या फ्यूजवर मात्र सततच्या प्रवाहाशी निगडित आकडा छापतात. म्हणून ‘३५’ वाचून तेवढ्याच आकड्याचे नवे पाते बसवले, तर फ्यूज शाबूत राहून वायर जळू शकते.

४. हा घोटाळा इतिहासाच्या विद्यार्थ्याला अनोळखी नाही. मराठेशाहीच्या कागदांत शुहूर सन येतो. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवल्याशिवाय इसवी सन हाती लागत नाही. आकडा समोर असतो, पण तो मोजण्याची रीत त्या काळाला विचारावी लागते.

५. ‘मग मूळ वस्तूला हात का लावायचा?’ हा आक्षेप रास्त आहे. वाईला सापडलेल्या कागदांतून राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड सिद्ध केला, मिरजेत वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनी कागद प्रकाशात आणले. अस्सल साधन जपण्याचा हा आपल्याच सातारा-सांगलीचा वारसा. परंतु दप्तर रुमालात बांधून ठेवता येते; माणसे बसवून रस्त्यावर धावणारी मोटार नाही.

६. म्हणून मधला मार्ग. बॅटरी सोडवावी, जोडण्यांची छायाचित्रे घ्यावीत, प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांधावी. रंगांनाही अर्थ आहे: तपकिरी थेट बॅटरीची, पांढरी किल्लीनंतरची, हिरवी त्यापुढे फ्यूजमधून आलेली. मूळ वायर न कापता नवा बॉक्स जोडावा आणि वायरीची क्षमता पाहून फ्यूज निवडावा.

७. जुना बॉक्स, त्यावर तारीख आणि कारण लिहून, गाडीसोबतच ठेवावा. उद्याच्या अभ्यासकाला मूळ रचनाही कळेल, आणि ती आपण का बदलली हेही.