विश्लेषण : जुन्या ‘४८६’चा प्रोसेसर बदलताय? आधी हार्ड डिस्क आणि बॅटरी पाहा!

माळ्यावरचा किंवा एखाद्या छापखान्याच्या कोपऱ्यातला ‘४८६’ संगणक खाली काढला आणि तो सुरूही झाला, की पुढचा मोह ठरलेला असतो : याला जरा वेगवान प्रोसेसर बसवला तर? मोह रास्त आहे आणि चिप बदलायला पाच मिनिटे पुरतात. मात्र त्या पाच मिनिटांआधीचे काम बहुतेक जण टाळतात आणि नुकसान तिथेच होते. हार्ड डिस्कची पूर्ण प्रत हाती येईपर्यंत प्रोसेसरला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बदल नेमका कोणता?

इंटेलचा ४८६ प्रोसेसर १९८९ मध्ये आला. १९९२ मधील ‘डीएक्स२-६६’ हा त्याचा गाजलेला अवतार. त्याच्या जागी बसवण्यासाठी हौशी मंडळी एएमडीचा १९९५ मधील ‘५एक्स८६’ शोधतात. ६६ ऐवजी १३३ मेगाहर्ट्झ आणि ८ ऐवजी १६ किलोबाइट कॅश. मदरबोर्ड तोच, रॅम तीच. दोन्ही चिपना १६८ पिना असल्याने नवी चिप जुन्या सॉकेटमध्ये बसतेही. खरी अडचण ती ‘बसते’ हीच आहे, त्याबद्दल पुढे.

डिस्क आधी का?

तीस वर्षांपूर्वीच्या मराठी डीटीपीचे काम युनिकोडमध्ये नव्हते. प्रत्येक सॉफ्टवेअरची अक्षरांची सांकेतिक रचना वेगळी. त्यामुळे नुसती फाइल वाचवून भागत नाही, सोबत तिचा फॉन्ट आणि शक्यतो ते सॉफ्टवेअरही लागते. काही सॉफ्टवेअर तर प्रिंटरच्या पोर्टला लावलेल्या छोट्या ‘लॉक’शिवाय उघडतच नसत. तो प्लॅस्टिकचा तुकडा भंगार समजून फेकला, तर एखाद्या प्रकाशकाच्या जुळवलेल्या पुस्तकांची फाइल असूनही तिचा उपयोग नाही. म्हणून निवडक फोल्डर नव्हे, तर अख्ख्या डिस्कची इमेज घ्यावी.

इथे एक खाचखळगा आहे. ५०४ मेगाबाइटच्या आतल्या अनेक जुन्या डिस्क आजच्या स्वस्त यूएसबी अडॅप्टरला ओळखताच येत नाहीत, कारण पत्ता सांगण्याची जुनी पद्धत त्यांना समजत नाही. डिस्क दिसली नाही म्हणजे ती मेली असे नव्हे. आयडीई पोर्ट असलेला मधल्या पिढीचा संगणक मिळवा, काम होते. आणि नव्या विंडोजने डिस्क ‘इनिशियलाइज’ करू का, असे विचारले तर उत्तर ‘नाही’ हेच.

बॅटरी इतकी घातक कशी?

त्या काळच्या अनेक मदरबोर्डवर कीबोर्डच्या सॉकेटजवळ पिंपाच्या आकाराची ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असते. वर्षानुवर्षांनी ती फुटते आणि आतला क्षार तांब्याच्या बारीक रेषा खात जातो. हिरवट-पांढरी बुरशी दिसली तर प्रोसेसरचा विचार बाजूला ठेवा. बॅटरी कापून काढा, डाग सौम्य व्हिनेगरने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करा आणि बोर्ड पूर्ण वाळू द्या.

पण कापण्याआधी संगणक सुरू होत असेल, तर सेटअपच्या पडद्याचे मोबाइलवर फोटो घ्या. हार्ड डिस्कचे सिलिंडर, हेड आणि सेक्टर हे तीन आकडे तिथेच असतात. बॅटरी गेली की तेही जातात, आणि ते चुकीचे भरले तर चांगली डिस्कही वाचता येत नाही. जुन्या बॅटरीच्या जागी थेट बटन सेल लावू नका. बोर्ड ती जागा चार्ज करत असतो आणि बटन सेल चार्ज होण्यासाठी बनलेला नसतो.

व्होल्टेजचा प्रश्न काय?

‘डीएक्स२-६६’ ५ व्होल्टवर चालतो, ‘५एक्स८६’ला ३.४५ व्होल्ट लागतात. सॉकेटला हा फरक कळत नाही. जुन्या एटी पॉवर सप्लायमधून ३.३ व्होल्ट येतच नाहीत. ते कमी करण्याचे काम मदरबोर्डवरचा रेग्युलेटर करतो, आणि तो प्रत्येक बोर्डावर नसतो. म्हणून बोर्डाचे मॉडेल शोधून त्याचे मॅन्युअल मिळवणे, जंपर जुळवणे आणि मल्टिमीटरने खात्री करणे याला पर्याय नाही. रेग्युलेटर नसेल, तर व्होल्टेज उतरवणारा मधला सॉकेट लागतो. ‘बघू, चालले तर चालले’ हा आपला आवडता बाणा इथे चिप जाळतो.

याच टप्प्यावर पॉवर सप्लायही तपासावा. ५ व्होल्टची तार भारावर असताना ४.७५ ते ५.२५ च्या दरम्यान हवी. मदरबोर्डला जाणाऱ्या दोन प्लगच्या काळ्या तारा मधोमध शेजारी-शेजारी याव्यात, उलट लावल्यास बोर्ड जातो. आणखी एक गोष्ट जिवावरची आहे : एटी कॅबिनेटच्या पुढच्या बटनापर्यंत थेट २३० व्होल्ट आलेले असतात. नव्या संगणकांवर शिकलेल्या तंत्रज्ञालाही हे ठाऊक असेलच असे नाही. प्लग भिंतीतून काढल्याशिवाय झाकण उघडू नका.

मग बदल करावाच का?

खेळांसाठी, हौसेसाठी जरूर करावा. पण संगणक जुन्या फाइल उघडण्यापुरताच हवा असेल, तर ६६ मेगाहर्ट्झ त्याला पुरतात. त्या फाइल तयारही अशाच यंत्रांवर झाल्या. दुकानदार ‘फॉरमॅट मारून नवा करून देतो’ म्हणाला, तर यंत्र उचलून घरी आणावे हे बरे.

बसवायचेच ठरले, तर चिपचा कापलेला कोपरा सॉकेटवरच्या खुणेशी जुळवा. १६८ पिनांची चिप उलटीही बसू शकते, आणि मोठ्या सॉकेटमध्ये कडेची भोके रिकामी राहणे हे बरोबरच आहे. हीटसिंक आणि छोटा पंखा लावूनच वीज द्या. काढलेला ‘डीएक्स२’ अँटिस्टॅटिक पिशवीत, जुन्या जंपरच्या फोटोच्या छापील प्रतीसह कॅबिनेटमध्येच चिकटवून ठेवा.