बार्शी रोडची शाई

कुर्डुवाडी पडली जंक्शन. इथं माणसं गाडी बदलायला उतरतात. परवा एक जुनं शाईचं पेनही असंच हाती उतरलं. आठवडी बाजारात भंगारवाल्याच्या गोणपाटावर, गंजलेले पाने नि बंद घड्याळं यांच्या गर्दीत, एबोनाइटचं, ड्रॉपरनं शाई भरायचं. चाळीस सांगितले, पंचविसाला सौदा पटला. घरी आल्यावर हात गरम पाण्याकडे वळला होता, पण आवरला. गरम पाण्यानं काळं एबोनाइट मातकट पडतं. रात्रभर साध्या पाण्यात ठेवलं. सकाळी वाटी निळीशार! पाणी चार वेळा बदललं. निबेखालची जीभ जुन्या टूथब्रशनं हलकेच घासली. तिच्या बारीक खाचेतून शाई खाली येते, तेवढीच हवा वर जाते. ती वाट बुजली की पेन मुकं. आट्यांना सिलिकॉन ग्रीसचं बोट लावलं, म्हणजे खिसा निळा व्हायला नको. दांडेकर बंधूंनी मुंबईत १९३१ साली घोडा छाप शाईच्या पुड्या नि गोळ्या काढल्या. ती शाई या पेनानं प्यायली असेल का, कोण जाणे. लिहायचं काय? १८९७ साली बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी सुटली, तेव्हा आपल्या स्टेशनाचं नाव होतं ‘बार्शी रोड’. तेच लिहिलं. पेन एकदाही अडखळलं नाही. नाव ओळखीचं निघालं असावं.